नाव न घेतलेलं जहाज

आमच्या घरात काही नावं घेत नसत. वाघाला वाघ म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. सापाला लांबडं म्हणायचं. दिवेलागणीनंतर तर मामा अन् लांबडंही नाही, नुसती जंगलाकडे हनुवटी करायची आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं आणि ऐकू गेलं की ते येतं, असं माझी माय सांगायची आणि तिच्यापुढे कोणाची टाप नव्हती. यात पंचाईत झाली ती माझ्या सख्ख्या मामाची. तो चिमूरला राहायचा. लहानपणी एकदा तो येताना दिसला आणि मी अंगणातून "मामा आला वं माय!" अशी बोंब ठोकली. मायनं हातातलं सूप टाकलं आणि दोन्ही शेळ्या कानाला धरून घरात ओढल्या, शेजारच्या सखूबाईनं आतून कडी घातली. बिचारा हातात चिवड्याची पुडी घेऊन बंद दारासमोर उभा. तेव्हापासून आम्ही त्याला 'चिमूरवाले' म्हणत आलो, आणि तो जाईपर्यंत चिमूरवालेच राहिला. मी हे भर दुपारी लिहायला बसलेय म्हणून वाघ हा शब्द लिहिण्याची हिंमत झाली. ऊन उतरलं की मी लिहिणं बंद करते. नातवंडं हसतात, हसू द्या.

आमचं गाव मूल आणि सिंदेवाहीच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, चौथ्या बाजूला जंगल आणि जंगलाच्या अलीकडे बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं तळं; तिच्या मातीच्या उंच बांधाला पार म्हणतात. घरात आम्ही चौघं: बाबा, माय, माझ्याहून बराच मोठा विलासदादा आणि मी. बाबा कमी बोलायचे आणि माय त्यांच्या वाटचंही बोलायची. सकाळी कोंबड्याच्या आधी तिचा आवाज सुरू. ती चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, लवकर न शिजणाऱ्या लाखोळीच्या डाळीला शिव्या घालायची, वांग्याच्या भाजीत वाळलेले झिंगे टाकले की ते कोणाच्या दुकानातून आणले आणि त्यात रेती कशी निघाली हे साऱ्या आळीला ऐकवायची. तिच्या बोलण्याचा मला तेव्हा राग यायचा. अभ्यासाला बसलं की डोक्यात घणाचे घाव. आज घर इतकं शांत असतं की मी मुद्दाम रेडिओ लावून ठेवते, आणि त्यातल्या बाईचं बोलणं काही मायसारखं नाही.

दादा नेव्हीत कसा गेला ती एक वेगळीच कथा आहे, ती इथं सांगत नाही. गेला एवढं खरं. आमच्या पंचक्रोशीत फौजेत गेलेली पोरं होती, पोलिसात गेलेली होती, पण समुद्रावर गेलेलं कोणी नव्हतं, कारण समुद्र कोणी पाहिलाच नव्हता. पहिली काही वर्षं तो किनाऱ्यावरच होता, तेवढं मायला चालत होतं. मग एका सुट्टीत आला तो मोठी खबर घेऊनच. आपल्या नेव्हीनं निवडून काढलेल्या पोरांना युरोपातल्या एका देशाच्या विमानवाहू जहाजावर शिकायला पाठवायचं ठरलं होतं, आणि त्या पोरांत दादा होता. छपरीत बसून तो मायला समजावत होता, माय तांदूळ निवडत ऐकत होती.

"त्या जहाजावर विमानं उतरते, माय. आन तिथूनच उडते."

"पान्यावरच्या जहाजावर?"

"हव."

"मंग ते बुडत काऊन नाई?"

"लय मोठं राह्यते नं वं. आपल्या बोडीची पार हाय, तिच्याहून लांब."

"आन त्यावर तू काय करशील? विमान चालवशील?"

दादा हसला. त्याचं काम विमान उतरून थांबलं की त्याच्या चाकांना ओट लावायचं. जहाज हलतं, वारा असतो, विमान घसरून पाण्यात जाऊ नये म्हणून चाकाच्या पुढे-मागे ठोकळे सरकवायचे, उडायच्या वेळी ते काढून पळायचं. बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हंजे बंडीच्या चाकाले गोटा लावाचं काम. त्याच्यासाठी सात समुंदर जाऊन राह्यला बे तू?" आम्ही खूप हसलो. दादाही हसला, आणि हसता हसता त्यानं जहाजाचं नाव सांगायला तोंड उघडलं. दोन अक्षरं बाहेर आली असतील नसतील, मायनं तांदळाचा हात तसाच त्याच्या तोंडावर ठेवला.

"घेऊ नोको. जे मानूस पोटात घेऊन फिरते त्याचं नाव घरात घ्याचं नाई."

"अवं माय, ते जहाज हाय, जनावर नोहोय."

"तुले मालूम नाई. घेऊ नोको म्हनलं नं."

दादानं मोबाइलवर फोटो दाखवला. राखाडी रंग, रुंद पाठ, अर्धं अंग पाण्यात. माय बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हैस हाय." झालं, ठरलं. त्या दिवसापासून आमच्या घरात ते जहाज म्हणजे म्हैस. त्या देशाचंही नाव गेलं, तो देश 'तिकडं' झाला. बाबा फोनवर विचारायचे, "म्हैस कुठी हाय रे आता?" आणि दादा सांगायचा, "पान्यात बसून हाय बाबा, रवंथ करून राह्यली." कधी ती इटलीच्या बंदराला असायची, कधी स्पेनच्या, कधी ग्रीसच्या, आणि आमच्या डोक्यात या सगळ्या देशांचा असा काला झाला होता की नेमकी कुठल्या गोठ्यातली हे कोणालाच सांगता आलं नसतं. गंमत वाटायची. मला तर शाळेत मैत्रिणींना सांगायला छानच वाटायचं की माझा भाऊ म्हशीवर नोकरीला आहे. ते खरं नाव मी आजही कागदावर लिहीत नाही, आणि देशाचंही नाही. वाचणाऱ्यानं रागावू नये. मला आता ते दोन्ही चांगलं ठाऊक आहे.

फोनचं असं होतं की गावात रेंज नव्हती. फक्त बोडीच्या पारीवर, आणि तिथंही मधल्या मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तरच दोन कांड्या यायच्या. घरात एकच फोन. बाजाराच्या दिवशी सूर्य कलला की दादा फोन करायचा. तिकडं तेव्हा दुपार असायची. आम्ही तिघं पारीवर जायचो. बाबा दोन वाक्यं बोलायचे, मी चार, आणि मग माय. माय फोन हातात घ्यायची ती शेळीच्या दुधापासून सुरू व्हायची आणि सखूबाईच्या सुनेपर्यंत पोचायची. बाबा खुणा करायचे, पुरे कर, त्याले काम राह्यते. ती पाठ फिरवायची.

त्या वर्षी धान कापणीला आलं आणि जंगलातून मामा खाली उतरला. आधी एक गोऱ्हा गेला. मग पलीकडच्या गावची एक बाई बांधीत वाकून कापत होती, ती गेली. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरायची, एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करू नका. वाकल्याशिवाय धान कसं कापतात ते काही भोंगा सांगत नव्हता. आम्ही घोळका करून जायचो, एक जण थाळी वाजवत बांधावर उभा. पावलांचे ठसे बोडीच्या काठी रोज नवे दिसायचे. पाणी प्यायला त्याला तीच जागा आणि फोन घ्यायला आम्हाला तीच.

त्या बाजाराच्या दिवशी आम्ही पारीवर गेलो ते डबा वाजवत गेलो. दादाचा फोन आला. बाबांनी म्हशीची खुशाली विचारली, मी परीक्षेचं सांगितलं, आणि मायनं फोन घेतला. दादा घाईत होता. "माय, मी कामावरून मधेच आलो वं, मले वापस जा लागते," एवढं आम्हालाही ऐकू आलं. पण मायला त्या बांधीत गेलेल्या बाईचं सांगायचं होतं. नाव न घेता सांगायचं म्हणजे वेळ लागतो. कोणाची सून, कोणाची बहीण, कुठं वाकली होती, लुगडं कुठं सापडलं, सगळं सांगत होती. बाबा डबा हातात धरून जंगलाकडे बघत होते. माय म्हणत होती, "आयक नं विलास, एवढं आयक आन मंग जाय," आणि मधेच तिनं फोन कानापासून काढून बघितला. कटला होता. परत लावला तर लागेना. रेंज गेली असेल म्हणून आम्ही घरी आलो. माय जेवताना कुरकुरत होती की सांगणं अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दात घासत टीव्हीसमोर उभे होते आणि मी वेणी घालत होते. बातम्यांत राखाडी जहाज दिसलं, वरून काढलेलं. त्याच्या पाठीवर एका टोकाला धूर. बाई भराभर बोलत होती: युरोपातल्या विमानवाहू जहाजावर अपघात, उतरणाऱ्या विमानाला अडवणारा पोलादी दोर तुटला, विमान समुद्रात कोसळलं, तुटलेल्या दोराच्या फटक्यानं डेकवरचे काही नौसैनिक ठार. तिनं जहाजाचं नाव घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. ते खाली पट्टीवरही आलं. मग साबणाची जाहिरात लागली.

बाबांच्या तोंडात फेस तसाच. "सुनी," ते मला म्हणाले, "हेच हाय का वं?"

मला माहीत नव्हतं. मायला माहीत नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं. पोटचा पोरगा ज्यावर राहत होता त्याचं नाव घरातल्या एकालाही येत नव्हतं. दादाच्या तोंडून निसटलेली ती दोन अक्षरं मी आठवायला लागले, कपाळ भिंतीला टेकवून आठवायला लागले, आणि जितकं आठवावं तितकं टीव्हीवरचंच नाव कानात वाजायचं. हेच होतं असं वाटायचं. मग वाटायचं, नव्हतं. राखाडी तर सगळीच असतात. माय चुलीपुढून उठून आली होती. तिला आम्ही काही सांगितलं नाही, पण धूर तिनंही पाहिला होता. तिनं एकदाच विचारलं, "म्हैसच हाय का?" आणि कोणी उत्तर दिलं नाही तसं ती खाली बसली. त्यानंतर ती बोलली नाही. मला त्या सकाळी टीव्हीचं जितकं भ्या वाटलं त्याहून जास्त त्या गप्प बसण्याचं वाटलं. चुलीवर भात लागला, वास सुटला, तरी त्या भाताला ती एक शब्द बोलली नाही.

बाबा चंद्रपूरला गेले. तिथं फौजेतल्या माणसांच्या घरच्यांची कामं बघणारं एक ऑफिस आहे, असं कोणीतरी सांगितलं होतं. फोन त्यांनी नेला नाही. दादाचा आला तर पारीवर घ्यायला हवा म्हणून तो आमच्याकडे ठेवला. त्या ऑफिसात काय झालं ते बाबांनी मला कित्येक वर्षांनी सांगितलं, तेही तोंड दुसरीकडे करून. टेबलावरचा माणूस चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं विचारलं, "काका, जहाजाचं नाव काय?" बाबा बघत राहिले. "देश कोणता?" तिकडं, बाबा म्हणाले. मग त्याला दया आली असावी. तो म्हणाला, तुम्ही घरी काय म्हणता त्याला? आणि बाबांनी खाली मान घालून सांगितलं, "म्हैस." तो हसला नाही, एवढं बाबा दोनदा म्हणाले. त्यानं दादाचं पुरं नाव घेतलं, गाव घेतलं, फोनचा नंबर घेतला आणि म्हणाला, मी मुंबईला विचारतो, जे असेल ते तुम्हाला फोनवर कळवतो.

बाबा शेवटच्या बसनं येणार होते. मी आणि माय दुपारपासूनच पारीवर बसलो होतो. सखूबाई ओरडत मागे आली होती, "अवं पोट्टीले घेऊन कुठी चालली? त्याच्या तोंडात देतं का तिले?" मायनं वळूनही पाहिलं नाही. मोहाच्या बुंध्याला पाठ लावून आम्ही बसलो, मधे फोन, पदराच्या टोकावर ठेवलेला. मी सारखी कांड्या बघायची. दोन. एक. दोन. डबा मांडीत धरला होता, पण वाजवायला मायनं हातानंच मनाई केली, फोन वाजला तर ऐकू आला पाहिजे म्हणून. माणसं बांध्यांतून लवकरच घरी गेली. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला गेलं आणि मग तिथूनही गेलं. मला लघवीला लागली होती आणि उठायची हिंमत होत नव्हती. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही.

आधी वानर बोललं. जंगलातलं माणूस तो आवाज ओळखतं, खोकल्यासारखा, थांबून थांबून. मग दुसऱ्या झाडावरचं. पाण्याकडेच्या टिटव्या उठल्या. तो जवळ आल्याची ती खूण. मी मायचा दंड धरून कुजबुजले, "माय, चाल नं घरी. पाया पडते तुह्या." ती म्हणाली, "फोन येईन." सकाळच्या त्या प्रश्नानंतर तिचे एवढेच शब्द. आणि तो पारीच्या पलीकडच्या टोकाला बेशरमाच्या झुडपांतून निघाला. घाई नव्हती त्याला. पारीवरून चालत उतारापर्यंत आला, खाली उतरला आणि पाण्याला तोंड लावलं. तो पाणी पितो तेव्हा आवाज होतो, लपलप, गाईपेक्षा हलका. तेवढ्या अंतरावरून तो मला ऐकू येत होता. मायनं माझं डोकं आपल्या कुशीत दाबलं, पण तिची नजर त्याच्यावर नव्हती. मी पदराच्या फटीतून बघितलं, ती फोनकडे बघत होती.

आणि फोन वाजला. मोठ्या आवाजावर ठेवला होता, सारी बोडी दणाणली. त्यानं डोकं वर केलं. पाणी गळत होतं हनुवटीवरून. तो आमच्याकडे बघत होता आणि फोन वाजत होता. नंबर अनोळखी, कधी न पाहिलेला. दादाचा नव्हता. मी हात पुढे केला तर मायनं माझं मनगट धरलं. "नोको उचलू." तिच्या बोटांत इतका जोर होता की नंतर कितीतरी दिवस वळ राहिले. मला तेव्हा वाटलं ती त्याला भ्याली. नाही हो. तिला त्या फोनचं भ्या होतं. जोवर कोणी काही सांगत नव्हतं तोवर तिचा पोरगा जिता होता. फोन वाजून वाजून बंद पडला. तो अजून उभाच. मग त्यानं मान फिरवली आणि आल्या वाटेनं झुडपांत गेला, शेपटीचं टोक तेवढं काही वेळ दिसत राहिलं. मी रडायला लागले, मोठ्यानं, तोंड न झाकता. फोन परत वाजला. या वेळी मी मायच्या हाताला चावले आणि बटण दाबलं.

"हॅलो. कोण, सुनी हाय का? आयकू येते का?"

दादाचाच आवाज. पण बसका. मायनं फोन हिसकला.

"कोन हाय?"

"मी हाय माय."

"मी कोन? नाव सांग."

"अवं मी..."

"नाव सांग म्हनते नं! पुरं सांग, बापाचं लावून सांग!" माय त्या अंधारत्या पारीवर, त्या झुडपांच्या समोर, गळा फाटेस्तोवर ओरडत होती. जिनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं ती पोराकडून ते मागत होती. दादानं सांगितलं. विलास महादेव. पुन्हा सांग म्हणाली, पुन्हा सांगितलं. तेव्हा ती गप झाली आणि फोन कानाला गच्च धरून नुसती हुंकार देत राहिली. मी तिच्या गालाला गाल लावून ऐकत होते. टीव्हीवरचं ते जहाज म्हणजे म्हैसच होती. अपघात झाला आणि सगळ्यांचे फोन जहाजानं बंद केले, म्हणून आमचा कटला. आता कोणाच्या तरी दुसऱ्या फोनवरून त्याला एकदा बोलायला दिलं होतं. त्याला काही झालं नव्हतं. त्याची जागा डेकवर होती, त्या दोराजवळ. तिकडचाच एक पोरगा, लुकास त्याचं नाव, दादाच्याच वयाचा, त्याच्याबरोबर ओट लावायचा. त्याला माहीत होतं की बाजाराच्या दिवशी दादा घरी फोन करतो. तो म्हणाला होता, जा, बोलून ये, तुझ्या जागेवर मी उभा राहतो.

"मी जरासाच वेळ सांगून आलो होतो, माय," दादा म्हणाला. "लवकर वापस जातो म्हनलं होतं त्याले."

माय ऐकत होती. दादानं त्या पोराचं नाव दोन-तीनदा घेतलं आणि तिनं त्याला थांबवलं नाही.

गावाच्या वाटेवर बाबा कंदील आणि माणसं घेऊन धावत येताना भेटले. ऑफिसातल्या त्या माणसाचाही फोन नंतर आला, पोरगा ठीक आहे म्हणून. सखूबाईनं साखर वाटली, लोक छपरीत बसून चहा पिऊन गेले, चिमूरवाले दुसऱ्या दिवशी कोंबडा घेऊन आले. सगळ्यांना वाटलं संकट टळलं. मलाही वाटलं. पण माय निवडणं घेऊन बसली की मधेच हात थांबायचे. एकदा मला म्हणाली, "मी आयक नं, आयक नं करून राह्यली होती, नाई का वं?" मी म्हटलं, माय, तू बोलत होती म्हणून तर दादा वाचला. ती म्हणाली, "आन ते पोट्टं?" त्यानंतर दादाचा फोन आला की ती फोन घ्यायची, "बरा हाय नं? जाय, ठेव," म्हणायची आणि लगेच माझ्या हातात द्यायची. दादा तिकडून म्हणायचा, बोल नं माय, वेळ हाय मले. ती पारीवरून उतरून पुढे चालायला लागायची.

आणि तिला एक नवंच भ्या लागलं, मामाच्या भ्याहून वाईट. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, फांदी मोडली की ती दचकायची. मामाला वनखात्यानं पिंजऱ्यात घालून नेलं, गाव मोकळं झालं, लोक रात्रीचे बांध्यांवर जाऊ लागले, पण आमच्या घरात दिवे लागले की दार बंद. ती मला स्पष्टच म्हणाली होती: जो दुसऱ्याच्या जागेवर उभा राहून मेला, तो आपली जागा मागायला येईल की नाही? आणि कोणाकडे येईल? मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, शहाणी झाले होते, मी तिला समजावलं की माय, तिकडच्या लोकांचं असं नसतं. ती म्हणाली, "भूक साऱ्याइले सारखीच राह्यते." लुकास हे नाव तिनं घरात कोणाला घेऊ दिलं नाही. तो 'ते पोट्टं' झाला.

पुढच्या वर्षी पितरांच्या दिवसांत दादा सुट्टीवर आला. तोवर तो तिकडून परत आला होता. वाळला होता, आणि झोपेत त्याचे पाय सारखे हलायचे. पितरं जेवू घालायच्या दिवशी मायनं कढी, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं रांधलं, एक शब्द न बोलता. आमच्याकडे सांदवाडीत पळसाच्या पानांवर घास मांडतात आणि घरचा मोठा माणूस एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो, ये, जेव. नाव घेतल्याशिवाय पितर येत नाही. बाबांनी त्यांच्या बापाला हाक मारली, आज्याला मारली, लहानपणी गेलेल्या भावाला मारली. एक पान उरलं, बाजूला, जरा लांब. त्यावर खिरीबरोबर मूलहून आणलेला पाव ठेवला होता. बाबांनी मायकडे बघितलं. त्यांच्यानं हाक मारवेना. कोणाच्या घरचा, कोणत्या धर्माचा, त्यांचीही चूक नव्हती. मग माय पुढे झाली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात जोडले. ती पानाकडे नाही, दादाकडे बघत होती, तो जागेवर आहे ना म्हणून.

"लुकास," ती म्हणाली. स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. किती दिवस मनात घोकलं असेल कोण जाणे. "ये बाबू. जेव. पोट भरून जेव आन जाय आपल्या घरी. माह्या लेकराले मागू नोको."

दादा भिंतीला टेकून उभा होता, तो तिथंच खाली बसला. मला वाटलं रडेल. रडला नाही. तो इतक्या साध्या आवाजात बोलला की आधी मला कळलंच नाही.

"त्याले बोलावू नोको माय," तो म्हणाला. "तो गेलाच कुठी हाय? मी जेवाले बसलो का तो बाजूले येऊन बसते."

बाबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी मायकडे बघितलं, आता ही किंचाळेल, आता दार लावेल. तिनं वाकून ते लांबचं पान दोन्ही हातांनी उचललं, आत नेलं आणि दादाच्या ताटाशेजारी, भिंतीच्या बाजूला मांडलं. मग तिनं दादाला हाताला धरून त्याच्या पाटावर बसवलं आणि कढीचं भांडं घेऊन ती दोघांनाही वाढायला लागली.